पुस्तकांच्या व्यवसायात लेखक-संपादक व्हायचंय? विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहून पुस्तकांचं संपादन करते आणि स्वतःही लिहिते. वाचनालयांतल्या बैठका, कॉलेजांची शिबिरं आणि फोन यांतून विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी, अंगणवाडीच्या ताई मला या कामाबद्दल विचारत असतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच नवी माणसं सगळ्यात जास्त अडतात.

ताई, लेखनावर घर चालतं का?

नुसत्या लेखनावर मराठीत फार थोड्या जणांचं चालतं. हिशेब करून पाहा. पुस्तकाची छापील किंमत २५० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची आणि मानधन १० टक्के धरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती १२,५०० रुपये येतात. तेही बहुधा वर्षअखेरीच्या हिशेबानंतर. ज्या कादंबरीवर तुम्ही दोन-तीन वर्षं घालवलीत, तिचे हे पैसे आहेत. पूर्वी हजार प्रतींची आवृत्ती सर्रास निघायची. आता बरेच प्रकाशक तीनशे-पाचशेवर थांबतात.

म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: लेखनाच्या जोडीला संपादन शिका. भाषा तपासणं, मुद्रितशोधन (म्हणजे छपाईआधीची प्रूफं वाचून चुका काढणं), अनुवाद, दुसऱ्याच्या हस्तलिखिताला पुस्तकाचा आकार देणं, ही कामं गावात बसून होतात आणि त्यांचे पैसे काम संपल्यावर मिळतात, खपावर अवलंबून राहत नाहीत. शिवाय दुसऱ्याची तीनशे पानं बारकाईने वाचल्यावर आपल्या लेखनातला फापटपसारा आपोआप दिसायला लागतो. एक पथ्य मात्र पाळा. स्वतःच्या पुस्तकाचं संपादन स्वतः करू नका. आपल्या डोक्यात जे आहे तेच आपल्याला कागदावर दिसतं, मग ते तिथे असो वा नसो.

संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणंच ना?

नाही. तो शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग.

पहिलं काम वाचनाचं. संहिता, म्हणजे लेखकाचं हस्तलिखित, हाती आली की पेन बाजूला ठेवून ती एकदा सलग वाचायची. पुस्तक कशाबद्दल आहे, ते कुठे सुरू होतं (बऱ्याचदा तिसऱ्या प्रकरणात), कुठे रेंगाळतं, कोणतं पात्र मध्येच नाहीसं होतं, हे लिहून काढायचं. मग आशयाचं संपादन: प्रकरणांचा क्रम, गाळायची पानं, लेखकाने टाळलेले प्रसंग. त्यानंतर भाषेचं संपादन, म्हणजे वाक्य न् वाक्य. आणि पानं लागल्यावर मुद्रितशोधन. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, जमल्यास तिसरं. प्रत्येक टप्प्याला वेगळी नजर लागते. चारही कामं एकाच वाचनात उरकणारा संपादक यातलं एकही नीट करत नाही.

तथ्यं तपासणं हाही संपादनाचाच भाग. कथेत नायक भर मे महिन्यात कापूस वेचत असेल, तर संपादकाने विचारायलाच हवं. शेताशी, बाजाराशी, एसटीच्या फेऱ्यांशी ओळख असलेला संपादक अशा जागी शहरातल्यापेक्षा कामाचा ठरतो.

मराठीतल्या या कामाची परंपरा आपल्याच मातीतली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लीळाचरित्र आकाराला आलं. ज्यांनी प्रसंग पाहिले त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून खात्री करून घ्यायची, मग लिहायचं, असं ते काम होतं. मूळ पोथी धामधुमीत हरवल्यावर अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली आणि तिचे वेगवेगळे पाठ, म्हणजे मजकुराची वेगवेगळी रूपं, जपली. साक्षीदार शोधणं, पडताळून घेणं, पाठभेद सांभाळणं: आजही संपादक याहून वेगळं काय करतो?

विसाव्या शतकातलं नाव घ्यायचं तर श्री. पु. भागवतांचं. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ या नियतकालिकांच्या संपादनातून त्यांनी लेखकाला पुन्हा लिहायला लावण्याची शिस्त मराठीत रुजवली. सत्यकथा १९८२ मध्ये बंद पडलं, पण त्या शिस्तीचं महत्त्व कमी झालेलं नाही.

माह्या कादंबरीत वऱ्हाडी हाय. थे चालते काय? का सुधरून लिवू?

चालते. सुधारून लिहू नका. पण वऱ्हाडी लिहिणं प्रमाण मराठीपेक्षा अवघड आहे, हे धरून चाला.

पहिला निर्णय निवेदनाचा. संवाद वऱ्हाडीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, की दोन्ही वऱ्हाडीत? दोन्ही रीती चालतात, पण अर्ध्यावर बदलू नका. उद्धव शेळक्यांनी अमरावतीकडच्या गरीब माणसांचं बोलणं कादंबरीत आणलं त्याला साठ वर्षं उलटून गेली. म्हणजे परवानगी कुणाकडे मागायची गरज उरलेली नाही.

दुसरा निर्णय एकसारखेपणाचा. आपल्या बोलीत ळचा य होतो: डोया, काया, शाया. णचा न होतो: पानी, कोन. ला ऐवजी ले येतो: मले, तुले, घराले. मग एका पानावर ‘डोया’ आणि दुसऱ्यावर ‘डोळा’ असं झालं की वाचकाला ते बोली वाटत नाही, चूक वाटते. अर्थात मास्तर ‘डोळा’ म्हणतील आणि सालदार ‘डोया’ म्हणेल, हे खरंच आहे. तेव्हा पात्रवार ठरवा. मी प्रत्येक पुस्तकासाठी एक वही करते. तिच्यात पात्राचं नाव, त्याचं वय, गाव आणि त्याच्या तोंडच्या शब्दांची रूपं लिहिलेली असतात. प्रूफ तपासणाऱ्यालाही ती वही जाते. नाहीतर तो प्रामाणिकपणे सगळं ‘शुद्ध’ करून ठेवतो आणि महिनाभराची मेहनत एका रात्रीत पुसली जाते.

वऱ्हाडी सगळीकडे एक नाही, हेही लक्षात असू द्या. अकोटकडचं बोलणं वेगळं, वणीकडचं वेगळं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गेलात तर झाडीबोली लागते, तिचा बाज निराळाच. ज्या गावाची गोष्ट आहे तिथल्या बाईमाणसाला पान मोठ्याने वाचून दाखवा. ती कुठे अडते ते बघा. याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

आणि कंसात अर्थ देत बसू नका. धुरा, बंडी, पऱ्हाटी, डवरणी हे शब्द वाक्याच्या ओघात कळतात. कोल्हापूरकडची बोली आपण विदर्भात बसून वाचलीच ना, कुणी कंस दिले होते?

यासाठी मराठीत एम. ए. लागतं का?

लागत नाही, पण उपयोग होतो. भाषेचा इतिहास आणि जुनं वाङ्मय एकटीने वाचणं कठीण जातं. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांच्या कॉलेजांतून मराठीचे अभ्यासक्रम आहेतच, आणि आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. प्रकाशन व्यवसायाचे छोटे अभ्यासक्रम राष्ट्रीय पुस्तक न्यास घेत असतो.

पदवी असो वा नसो, दोन गोष्टी पाठ हव्यात. एक, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम. त्यांतले १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, ४ नियम १९७२ साली जोडले गेले. दोन, चांगलं वाचन, तेही केवळ आपल्या आवडीचं नव्हे. शेतीची पुस्तकं, आत्मचरित्रं, विश्वकोशातल्या नोंदी, अनुवाद, सगळं.

पहिलं लेखन कुठे पाठवावं?

पुस्तकाची घाई करू नका. आधी मासिकांत, दिवाळी अंकांत छापून या. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नवा लेखक बहुधा याच दारातून आत येतो. विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ आहे. हा संघ १९२३ पासून आपल्या भागात काम करतो आणि त्याच्या शाखा जिल्ह्यांच्या गावांत आहेत. कार्यक्रमांना जा. ओळखी होतात आणि कानावर चांगलं पडतं.

वेळापत्रकाचं एक सांगते. बहुतेक दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच ठरतो आणि तेव्हा आपल्याकडे पेरणी, डवरणी, निंदण चालू असतं. म्हणून कथा उन्हाळ्यातच पक्की करा. एप्रिल-मेच्या दुपारी, शेतात काम नसतं तेव्हा, लिहून आणि पुन्हा लिहून मृगाच्या आधी पाठवून द्या. एका वेळी एकाच अंकाला. उत्तर आलं नाही तर दोन महिन्यांनी नम्रपणे विचारा, मग दुसरीकडे.

प्रकाशक म्हणतो, छपाईचे पैसे तुम्ही द्या. द्यावे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण विचारणाऱ्याने बऱ्याचदा सोयाबीन विकून पैसे बाजूला ठेवलेले असतात.

लेखकाने खर्च करून पुस्तक काढणं ही काही फसवणूक नव्हे. पुष्कळ चांगले कवितासंग्रह असेच निघाले आहेत. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा लेखक खर्च करतो आणि हक्क, प्रती, हिशेब सगळं समोरच्याकडे राहतं. म्हणून पैसे देण्याआधी कागदावर घ्या: एकूण प्रती किती, त्यांतल्या तुमच्या ताब्यात किती, आकार कोणता, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), बांधणी कशी, मुद्रितशोधन कोण करणार आणि किती वेळा, मुखपृष्ठाचे पैसे यातच आहेत की वेगळे. मग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या छापखान्यातून याच मापाचं दरपत्रक मागवा. दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं विचारायची गरज पडत नाही.

पानांचं गणित आलं तर कुणी तुम्हाला गोंधळात टाकू शकत नाही. पुस्तक फर्म्यात छापतात, म्हणजे एका मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम, आणि डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात एक फर्मा साधारण १६ पानांचा. त्यामुळे पुस्तकं १४४, १६०, १७६ अशी वाढतात. तुमचा मजकूर १६३ पानांत बसत असेल तर संपादकाला तीन पानं कमी करायला सांगा. एक फर्मा वाचतो.

‘पुस्तक छापलं की पुरस्कार नक्की’ असं जिथे सांगितलं जातं, तिथून उठून या. प्रवेशशुल्क घेऊन वाटलेल्या सन्मानचिन्हांनी कुणाचं लेखन पुढे गेलेलं नाही.

करारात काय बघायचं? आमच्याकडे तर तोंडीच ठरतं.

तोंडी ठरवू नका, प्रकाशक मामेभाऊ असला तरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच वैध ठरतं. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मानधन किती, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. दिलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो हक्क संपुष्टात येतो. ही तरतूद फार थोड्या लेखकांना ठाऊक असते. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली संहिता परत मिळवायला ती कामी येते.

‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं की थांबा. छापील पुस्तकाचे हक्क द्या. ईबुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचं वेगवेगळं बोला.

नोंदणी केली नाही तरी लेखन तुमचंच असतं. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून लागू होतो, लेखकाच्या हयातीत राहतो आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पुरावा म्हणून नोंदणी हवी असेल तर ती करता येते. आणि हक्क विकले तरी लेखक म्हणून तुमचं नाव राहण्याचा आणि लेखनाच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. नाव कापून कविता व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनाही हे सांगत जा.

आयएसबीएन विकत घ्यावा लागतो का?

नाही. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. स्वतः पुस्तक काढणारा लेखकही ऑनलाइन अर्ज करू शकतो. त्याचे हजारो रुपये कुणी लावत असेल तर देऊ नका.

टायपिंग कोणत्या फॉन्टमध्ये करावं?

युनिकोडमध्ये (फोनवर मराठी लिहितो ते युनिकोडच), आणि फोनवर केलं तरी चालेल. एक कार्यकर्ती तिची संपूर्ण आत्मकथा फोनवर लिहिते आहे आणि मी ती तशीच प्रकरणाप्रकरणाने घेते.

अडचण पुढे येते. तालुक्याच्या डीटीपी दुकानांत अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात, कारण लग्नपत्रिका आणि फ्लेक्स त्यातच होतात. युनिकोडमधून तिकडे मजकूर नेताना जोडाक्षरं मोडतात, अवतरणचिन्हं उलटतात आणि ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला अर्धा र बिघडून वर रफार चढतो. म्हणून फॉन्ट बदलल्यावर पूर्ण प्रूफ पुन्हा वाचायलाच हवं, ‘आधी तपासलंय’ म्हणून सोडायचं नाही. शक्य असेल तिथे युनिकोडमध्येच पानं लावणारा माणूस शोधा. शब्द तपासणारी सॉफ्टवेअरं प्रमाण मराठीसाठी मदत करतात, पण बोलीच्या पुस्तकावर ती चालवू नका. ‘काहून’ आणि ‘मले’च्या खाली लाल रेघा पाहून नवा लेखक खचतो.

विदर्भातला आहे म्हणून सगळे शेतकरी आत्महत्येवरच लिही म्हणतात. लिहावं का?

तुमच्या आत ते असेल तर लिहा. बाजार मागतो म्हणून लिहू नका. इथली माणसं लग्नं करतात, भांडतात, पोळा साजरा करतात, मुलींना स्पर्धा परीक्षेला बसवतात, दंडारीत नाचतात. हे सगळं लिहिण्याच्या योग्यतेचं आहे. दुःखाचाच पुरवठा करणारा प्रदेश म्हणून आपण ओळखले जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

लिहिणार असाल तर संपादक म्हणून माझ्या अटी कडक आहेत. ज्या घरात हे घडलं त्या घरातल्या बाईला विचारलंत का? नाव, गाव, शेताची खूण, मुलांच्या शाळेचं नाव बदललंत का? नुसतं नाव बदलून भागत नाही. पंचक्रोशीत बारीकशा तपशिलावरून माणूस ओळखू येतो. छापून आलेला उतारा त्या घरातल्या मुलीच्या सासरी कुणी वाचून दाखवला तर काय होईल, याचा विचार छपाईच्या आधी करायचा. घरातल्या बाईने नको म्हटलं तर तो प्रसंग गाळायचा. पुस्तक त्यावाचूनही उभं राहतं. मृत्यूच्या क्षणाचं वर्णन मी जवळजवळ नेहमीच काढायला सांगते. त्याच्या आधीची वर्षं लिहा: बँकेच्या फेऱ्या, बोंडअळी, कोरडी पडलेली विहीर, बहिणीचं लग्न, आणि त्यानंतर ते घर कुणी सांभाळलं ते. खरी गोष्ट तिथे आहे.

संपादकाने केलेले बदल पटले नाहीत तर?

सांगा, पण दोन दिवस थांबून सांगा. पहिल्या दिवशी प्रत्येक खोडलेली ओळ जिवाभावाची वाटते. मग प्रत्येक बदलापुढे तीनपैकी एक लिहा: मान्य, अमान्य, किंवा ‘अडचण खरी आहे पण उपाय माझा वेगळा’. तिसऱ्या प्रकारातून सगळ्यात चांगली वाक्यं निघतात. न विचारता मजकूर बदलणारा संपादक मात्र सहन करू नका. शेवटचा शब्द लेखकाचाच.

संपादनाचे किती पैसे मागावेत? ओळखीच्यांकडून घ्यायला लाज वाटते.

लाज सोडा. शिंपी ओळखीच्याचे कपडे फुकट शिवत नाही.

दर ठरवायची माझी रीत अशी. संहितेच्या मधली दहा पानं घ्या (सुरुवातीची नको, ती लेखकाने घासूनपुसून दिलेली असतात). ती तपासायला किती तास लागतात ते पाहा, पूर्ण संहितेचा हिशेब करा आणि तासाला निदान एवढं तरी मिळावंच असं वाटतं त्याने गुणा. काम सुरू करताना काही भाग आगाऊ, प्रूफ देताना उरलेले. मुद्रितशोधनाचा दर पानावर किंवा फर्म्यावर वेगळा सांगा.

गावाकडे काम कुठून मिळेल, असं विचारतात. शाळेचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते, निवृत्त गुरुजींचा गौरवग्रंथ निघतो, कुणाचा पीएच.डी.चा प्रबंध पुस्तकरूपात यायचा असतो, एखादी संस्था आपला इतिहास लिहून घेते. ही कामं कमी दर्जाची समजू नका. एका स्मरणिकेत त्या शाळेच्या पहिल्या मुलीचं मनोगत मिळालं, तर ते पुढच्या पन्नास वर्षांसाठी जपलेलं कागदपत्र असतं. श्रेयनामावलीत ‘संपादन’ म्हणून आपलं नाव छापायला सांगा. पुढचं काम त्या ओळीवरून येतं.

पहिल्या पुस्तकाला सरकारी मदत मिळते का?

मिळते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. अर्ज मागवल्याची जाहिरात येते, तिच्यावर लक्ष ठेवा. संहिता पूर्ण हवी, अर्धवट पाठवू नका.

पुण्या-मुंबईला जावंच लागेल का?

राहायला नाही. काम फोनवर आणि मेलवर होतं. वीज गेली तर छापील प्रूफवर पेनाने करते. पण वर्षातून एखादी फेरी मारा: साहित्य संमेलन, ग्रंथप्रदर्शन, प्रकाशकाचं कार्यालय. २०१९ ला यवतमाळला आणि २०२३ ला वर्ध्याला अखिल भारतीय संमेलन झालं तेव्हा तर सगळे प्रकाशक आपल्या दारात आले होते. अशा वेळी नुसती पुस्तकं चाळू नका. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला कुणाचं संपादन, कुणाची अक्षरजुळणी, कुणाचा छापखाना ते टिपून घ्या.

पुस्तक छापून आलं. आता पुढे?

तुम्हीच प्रकाशक असाल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात. दुसऱ्याने काढलं असेल तर त्याने पाठवल्या का, ते विचारा. पुस्तक शासनमान्य ग्रंथयादीत यावं म्हणून ग्रंथालय संचालनालयाकडे ठरलेल्या मुदतीत प्रती जायला हव्यात, कारण अनुदानित सार्वजनिक वाचनालयं खरेदी करताना ती यादी बघतात. परीक्षणासाठी प्रती मोजक्याच ठेवा आणि खरंच लिहिणाऱ्यांना द्या. प्रकाशन समारंभात फुकट वाटू नका. आणि ज्या गावावर पुस्तक आहे त्या गावच्या वाचनालयात दोन प्रती ठेवा, कारण एक नेहमी कुणीतरी घरी नेलेली असते.